पावसाने गोळा केलेली वर्गणी

१२ ऑगस्ट १९३७. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात, लेनॉक्स या छोट्या गावाजवळ टँगलवूडच्या हिरवळीवर मोठा तंबू ठोकलेला. आत बॉस्टन सिंफनी ऑर्केस्ट्रा, कंडक्टर सर्ज कुसेविट्स्की. कार्यक्रम फक्त वाग्नरच्या संगीताचा. त्याच्या 'रिएन्झी' ऑपेराची सुरावट सुरू असतानाच वादळ आलं. वादन दोनदा थांबवावं लागलं. 'सीगफ्रीड' ऑपेरामधला रानाच्या कुजबुजीचा नाजूक भाग तर वगळलाच. त्या पावसात तो ऐकूच आला नसता.

मध्यंतरात महोत्सवाच्या प्रमुख गर्ट्रूड रॉबिन्सन स्मिथ मंचावर आल्या आणि पक्क्या छपरासाठी तिथेच पैसे मागितले. एरवी वर्गणी मागताना गरज समजावून सांगावी लागते. इथे ती डोक्यावर गडगडत होती.

पैसे उभे राहिले, पण आर्किटेक्ट एलिएल सारिनेन यांचे आराखडे एक लाख डॉलरच्या बजेटमध्ये बसेनात. शेवटी त्यांनी कळवलं, एवढ्यात नुसती शेड होईल आणि ती कुणीही बिल्डर बांधेल. मग शेजारच्या स्टॉकब्रिज गावचे इंजिनीअर जोसेफ फ्रान्झ यांनी आराखडा आणखी सोपा केला. ४ ऑगस्ट १९३८ला, वर्ष पुरं व्हायच्या आत, तिथे बेथोव्हनची नववी सिंफनी वाजली.

मी सॉफ्टवेअर लिहितो. बजेटपायी काही कापावं लागलं की आम्ही कुरकुरतो. इथे कापून उरलं काय? वर छप्पर, बाजू उघड्या. पाच हजारांवर माणसं आत बसतात, बाकीची बाहेर हिरवळीवर ऐकतात. ज्या शब्दाने सारिनेन यांनी हात झटकले, तोच नाव होऊन बसला. आजही तिला 'शेड'च म्हणतात.