दोन दोर, चार टोके : पिंपळनेरच्या वाटेवरील भारवाहतुकीचा इतिहास

१/ फ्रेंच रत्नव्यापारी झाँ-बाप्तिस्त ताव्हेर्निये याने सुरत–गोवळकोंडा मार्गावरील मुक्कामांची यादी दिली आहे. तीत नवापूरच्या पुढे ‘पिपेलनार’ हे नाव येते. हेच पांझरेच्या काठचे, आजच्या साक्री तालुक्यातील पिंपळनेर. १६३१ ते १६६८ या काळात ताव्हेर्नियेने पूर्वेकडे सहा प्रवास केले. त्याचा ग्रंथ १६७६ मध्ये प्रसिद्ध झाला.

२/ नवापूरचा सखल भाग सोडून पिंपळनेरकडे येताना सह्याद्रीची उत्तरेकडील रांग चढावी लागते. अशा वाटेवर भरलेला गाडा उलटू नये, यासाठी त्या काळी काय करीत असत? याचे उत्तर ताव्हेर्नियेनेच हिंदुस्थानातील मालवाहतुकीच्या वर्णनात दिले आहे.

३/ शंभर-दोनशे गाड्यांचा काफिला एकत्र निघे. एकेका गाड्याला दहा-बारा बैल जुंपलेले असत आणि सोबत चार शिपाई चालत, प्रत्येक बाजूला दोन. गाड्यावरून दोन दोर आडवे टाकलेले असत आणि त्यांची चार टोके या चौघांच्या हाती असत. गाडा एका बाजूला कलंडू लागला की विरुद्ध बाजूचे दोघे दोर ताणून धरीत. या शिपायांचे वेतन मालाच्या मालकाने द्यायचे, असा नियम होता.

४/ ही युक्ती साधी असली तरी शास्त्रशुद्ध होती. उंच भरलेल्या गाड्याचा गुरुत्वमध्य वर सरकतो. चाक खड्ड्यात गेले की तो चाकांच्या आधाररेषेबाहेर जाऊ पाहतो. वरून येणारा दोर लांब तरफेसारखे काम करतो, म्हणून दोन माणसांचे बळ पुरे पडे. मात्र तोल सावरला नाही, तर सर्वाधिक धोका गाड्यालगत चालणाऱ्या या माणसांनाच होता.

५/ बैलगाड्याचा वेग ताशी ४ किलोमीटरच्या आसपास, तर ट्रेलरचा ताशी ६० धरू. वेग १५ पट झाला की तेवढ्याच वजनाची गतिज ऊर्जा २२५ पट होते. त्यामुळे धोक्याची दिशाही बदलते. बैलगाड्याला भीती कलंडण्याची होती. ट्रेलरला त्याखेरीज ब्रेक लागताच भार पुढे, थेट चालकाच्या केबिनवर, सरकण्याची भीती असते.

६/ युरोपीय मानक ईएन १२१९५-१ याच विचारावर उभे आहे. भार पुढच्या दिशेने त्याच्या वजनाच्या ०.८ पट आणि बाजूंना व मागे ०.५ पट बलाला रोखला गेला पाहिजे. म्हणजे १० टनांच्या यंत्रासाठी पुढच्या दिशेने ८ टन वजनाइतका प्रतिकार हवा. यातील काही वाटा घर्षण उचलते. म्हणून भाराखाली रबरी चटई घालतात आणि फळीवरील तेल व माती आधी पुसून काढतात.

७/ वरून टाकलेला पट्टा भार खाली दाबून घर्षण वाढवतो. तो जितका उभा, तितका दाब अधिक. पट्टा आडवा होत गेला की दाब घटतो. अतिजड यंत्रांना हे पुरत नाही. त्यांच्या चारही कोपऱ्यांतून परस्परविरुद्ध दिशांना साखळ्या ताणाव्या लागतात आणि पुढे लाकडी ठोकळे व पाचरी ठोकाव्या लागतात. काही अंतर गेल्यावर भार बसतो, साखळ्या सैल पडतात. म्हणून वाटेत थांबून त्या पुन्हा ताणणे अत्यावश्यक ठरते.

८/ साक्री तालुक्यातील ब्राह्मणवेल परिसरात पवनचक्क्यांची मोठी उभारणी झाली. मेगावॅट क्षमतेच्या पवनचक्कीचे पाते ३० मीटरच्या आसपास लांब असते. सतराव्या शतकातील काफिले ज्या डोंगररांगेतून जात, तिच्याच पठारांवर ही पाती ट्रेलरवर बांधून चढवली गेली.

९/ कायद्यानेही जबाबदारी निश्चित केली आहे. मोटार वाहन अधिनियमात २०१९ च्या दुरुस्तीने कलम १९४(१अ) आले. भार मर्यादेबाहेर पुढे, मागे, बाजूला वा वर आल्यास २०,००० रुपये दंड होतो आणि तो उतरवण्याचा खर्चही द्यावा लागतो. हे कलम चालकापुरते थांबत नाही. असे वाहन चालवू देणाऱ्यालाही ते लागू होते.

१०/ चार शिपायांची जागा साखळीने आणि पट्ट्याने घेतली. पण साखळीला गाडा कलंडू लागल्याचे दिसत नाही, तिला हाकही मारता येत नाही. त्या चौघांची नजर ज्या सावधपणे गाड्यावर खिळलेली असे, तो सावधपणा आजही निघण्यापूर्वी आणि वाटेतल्या प्रत्येक थांब्यावर माणसालाच बाळगावा लागतो.