खडकाचे वाचन : आर्चीच्या समीकरणाची पूर्वपीठिका आणि मर्यादा

तौलनिक साहित्याच्या अभ्यासकांना श्लुंबर्झे हे आडनाव परिचित आहे ते झां श्लुंबर्झे यांच्यामुळे. आंद्रे जीद यांच्यासमवेत 1909 साली ‘नूव्हेल रव्ह्यू फ्रांसेज’ हे नियतकालिक ज्यांनी सुरू केले, त्यांपैकी ते एक. त्यांचे धाकटे बंधू कॉन्राड आणि मार्सेल यांनी मात्र वाचनासाठी वेगळीच संहिता निवडली : भूगर्भातील खडक. या नात्यावरून साहित्य आणि भूभौतिकी यांत ओढूनताणून साधर्म्य शोधण्याचे कारण नाही. तथापि, एखाद्या मोजमापाला अर्थ कसा प्राप्त होतो आणि तो अर्थ कोणत्या गृहीतावर उभा असतो, हा प्रश्न दोन्ही क्षेत्रांचा आहे. प्रस्तुत निबंधात तो खडकाच्या बाजूने पाहावयाचा आहे.

5 सप्टेंबर 1927 रोजी आल्सासमधील पेशेलब्रॉन येथील तेलक्षेत्रात कॉन्राड यांचे जामात आंरी डॉल यांनी एका विहिरीत विद्युदग्रे सोडली. दर मीटरला थांबून त्यांनी खडकाची रोधकता, म्हणजे वीजप्रवाह अडविण्याचा त्याचा गुण, मोजली आणि मिळालेल्या अंकांवरून हाताने आलेख काढला. या पद्धतीला नाव मिळाले ‘विद्युत कारोताज’. फ्रेंचमध्ये ‘कारोत’ म्हणजे गाजर. विहीर खणताना कापून वर आणलेल्या खडकाच्या दंडगोलाकार नमुन्यालाही तोच शब्द आहे. नमुना वर न आणता केलेल्या मोजणीला नमुन्याचेच नाव दिले गेले, ही गोष्ट भाषेच्या अभ्यासकाच्या नजरेतून सुटू नये. रूपकाने दिलेले आश्वासन प्रत्यक्ष पद्धतीच्या आवाक्याबाहेरचे होते. दोन विहिरींच्या आलेखांत सारखी वळणे आढळली, तर थर एकच आहे असे ठरविता येई. पण थरात तेल किती, याचे उत्तर आलेखात नव्हते. वाळूचे कण वीज वाहू देत नाहीत, तेलही देत नाही. छिद्रांतील खारे पाणी तेवढे देते. त्यामुळे वाढलेली रोधकता तेलाची खूण असू शकते, तशीच छिद्रेच नसलेल्या घट्ट खडकाचीही.

ही संदिग्धता गस आर्ची यांनी कमी केली. शेल कंपनीतील या अभियंत्याचा निबंध 1942 साली प्रसिद्ध झाला. त्यांचा युक्तिवाद दोन पायऱ्यांचा आहे. खडक केवळ पाण्याने भरलेला असेल, तर त्याची रोधकता त्या पाण्याच्या रोधकतेच्या ठरावीक पट असते आणि ही पट सच्छिद्रतेवर अवलंबून असते. घट्ट वालुकाश्मात ती सच्छिद्रतेच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणाच्या जवळपास येते : सच्छिद्रता 20 टक्के असेल तर पट 25. आता प्रत्यक्ष मोजणीत 100 पट आढळली, तर 25 भागिले 100 याचे वर्गमूळ काढावयाचे; उत्तर 0.5. म्हणजे छिद्रांतील निम्मी जागा पाण्याची, आणि उरलेली, बहुधा, तेलाची. यांतील पहिली पायरी आर्चींनी स्वतः नमुन्यांवर तपासली होती. दुसरी त्यांनी इतर संशोधकांच्या प्रसिद्ध प्रयोगांची तुलना करून काढली.

निबंधाचे शीर्षकही वाचण्याजोगे आहे. रोधकतेचा आलेख हा ‘काही’ गुणधर्म ठरविण्यास ‘साहाय्य’ करतो, एवढेच ते म्हणते. समीकरणे अचूक नसून स्थूल संबंध दाखवितात, असे आर्चींनी आतही नमूद केले आहे. पुढे पाठ्यपुस्तकांतून या संबंधांना ‘आर्चीचा नियम’ म्हटले जाऊ लागले आणि लेखकाचा संकोच मागे पडला. भाष्यपरंपरेत मूळ ग्रंथकाराच्या वाट्याला हेच येते, हे आपल्याला नवीन नाही.

नियमाचे गृहीत असे की खडक स्वतः मुका असतो, बोलते ते फक्त पाणी. चिकणमातीने हे गृहीत मोडले. मातीच्या कणांच्या पृष्ठभागाशी धनभारित आयन असतात आणि तेही वीज वाहतात. अशा वालुकाश्मात तेल असूनही रोधकता कमी भरते; नियम जसाच्या तसा लावला तर पाण्याचा अंश वाजवीपेक्षा जास्त निघतो आणि तेलाचा थर पाण्याचा म्हणून सोडून दिला जाण्याची भीती असते. वॅक्समन आणि स्मिट्स यांनी 1968 साली या मातीच्या वाहकतेसाठी समीकरणात स्वतंत्र पद घातले.

चुनखडकाची अडचण वेगळी. 1974 साली मुंबईच्या किनाऱ्यापासून दूर समुद्रात सापडलेल्या मुंबई हाय क्षेत्राचे तेल मुख्यतः अशाच खडकात आहे. चुनखडकातील पोकळ्या पुष्कळदा एकमेकींपासून तुटलेल्या असतात. अशा पोकळ्या सच्छिद्रता वाढवितात, पण प्रवाहाला वाट देत नाहीत. मग सच्छिद्रतेचा घात 2 न राहता वर जातो. वरील उदाहरणात तो 2.5 धरला, तर 25 ऐवजी सुमारे 56 पट मिळते आणि पाण्याचा अंश निम्म्यावरून तीनचतुर्थांशावर जातो. विहिरीतील उपकरणाने नोंदविलेला अंक तोच असतो. तेल मात्र हिशेबात निम्मे होते. म्हणून घात ठरविण्यासाठी आजही खडकाचा तो जुना दंडगोल, ते ‘गाजर’, वर आणून प्रयोगशाळेत तपासावे लागते.