परदेशात गोळीचे नाव बदलते, औषध बदलत नाही

पनवेल, तळोजा भागातल्या कित्येक घरांतले कुणी ना कुणी आखातात नोकरीला आहे. साखरेची, बीपीची गोळी संपली तर आपण तिथे बिनधास्त विचारतो. मर्दाना कमजोरीच्या गोळीबद्दल मात्र शरमेपायी कुणी तोंड उघडत नाही आणि मग भलतीच गोळी पोटात जाते. म्हणून ही माहिती देत आहोत.

मूळ नाव लिहून घ्या

ब्रँडचे नाव देशागणिक बदलते, औषधाचे मूळ नाव जगभर तेच राहते. पेनेग्रा, कॅव्हर्टा आणि वायग्रा म्हणजे सिल्डेनाफिल. मेगालिस, सियालिस आणि सऊदीतली स्नाफी म्हणजे टाडालाफिल. जाण्याआधी डॉक्टरांकडून मूळ नाव आणि मिलिग्रॅम इंग्रजीत लिहून घ्या. आखातात मेडिकलला ‘सैदलिया’ म्हणतात. तिथे ही चिठ्ठी दाखवली की फार बोलावे लागत नाही.

मिलिग्रॅमची गफलत नको

सिल्डेनाफिल 25, 50, 100 मिलिग्रॅममध्ये मिळते आणि असर साधारण चार-पाच तास राहतो. टाडालाफिलचा असर 36 तासांपर्यंत राहू शकतो, आणि त्याचा जास्तीत जास्त डोस 20 मिलिग्रॅम आहे. म्हणजे ‘50 ची गोळी द्या’ एवढे सांगून भागत नाही. एकाच्या जागी दुसरी घ्यायची तर डॉक्टरांना विचारूनच. आपल्याकडच्या काही गोळ्यांत डॅपॉक्सेटिनही मिसळलेले असते. त्याला साधी सिल्डेनाफिल हा पर्याय नव्हे.

जिथे जीवाला धोका आहे

छातीत दुखण्यासाठी नायट्रेटची गोळी (सॉर्बिट्रेट वगैरे) घेणाऱ्यांनी हे औषध अजिबात घेऊ नये. रक्तदाब एकदम कोसळून जीव जाऊ शकतो. गोळी घेतल्यावर छातीत दुखले तर इमर्जन्सीमध्ये ती घेतल्याचे आधी सांगा, तिथे लाजू नका. ताठरता चार तासांहून जास्त राहिली तरी लगेच हॉस्पिटल गाठा.

‘हर्बल’ आणि ‘टायमिंग’चा माल

‘शाही मध’ म्हणून विकल्या जाणाऱ्या काही पुड्यांत लपवलेले सिल्डेनाफिल, टाडालाफिल सापडल्याचा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2022 मध्ये दिला होता. हृदयरोग्याने असा मध निर्धास्त चाटला तर काय होईल, विचार करा. ‘टायमिंग’साठी काहीजण ट्रामाडॉल घेतात. ते भारतात 2018 पासून अमली पदार्थांच्या कायद्याखाली आहे, आणि यूएईत अशी नियंत्रित औषधे आधी परवानगी घेतल्याशिवाय नेता येत नाहीत. दोस्ताची म्हणूनही अशी पुडी सामानात ठेवू नका.

सोबत नेताना

गरजेपुरत्याच गोळ्या, मूळ पाकिटात, बिल आणि चिठ्ठीसह न्या. पासपोर्टवरचे आणि चिठ्ठीवरचे नाव सारखे असू द्या.

आणखी एक गोष्ट. ही तक्रार कित्येकदा साखरेची किंवा हृदयाच्या आजाराची पहिली खूण असते. तेव्हा निघण्यापूर्वी एकदा साखर, बीपी आणि हृदय तपासून घ्या. घरातल्या बायकांनीही याला टोमण्याचा विषय न करता इलाजाचा विषय समजावे, ही विनंती.