सगळ्यांना सगळं

परवा एका मित्राचा फोन आला. त्याच्या आठ माणसांच्या ऑफिसात नवा सर्व्हर बसवलाय आणि निम्म्या लोकांना फाइलीच उघडता येत नाहीयेत. म्हणाला, "सगळ्यांना सगळं देऊन टाकू का? कटकट तरी संपेल." मी इतक्या जोरात "नको" म्हणालो, की तो दचकलाच. कारण मात्र त्याला सांगितलं नाही. ते इथे सांगतो.

२००१ सालची गोष्ट. पुण्यातल्या एका छोट्या ऑफिसात मी नोकरीला होतो. माणसं चौदा, सर्व्हर एक. 'तुला कॉम्प्युटरमधलं कळतं' म्हणून तो सांभाळायचं काम माझ्या गळ्यात पडलं. रोज कोणीतरी हाक मारायचं, "अहो, हे ॲक्सेस डिनाइड म्हणतंय!" शेवटी वैतागून एका शनिवारी मी सर्वांत वरच्या फोल्डरला 'एव्हरीवन, फुल कंट्रोल' देऊन टाकलं आणि आतल्या सगळ्या फोल्डरांनाही तेच लागू केलं. हाका बंद झाल्या. मी स्वतःवर खूश!

दोन आठवड्यांत पगारपत्रक ऑफिसभर झालं. कोणाला किती मिळतात, याची चर्चा चहाच्या टपरीवर रंगू लागली. ती फाइल उघडलेली सापडली डेटा एंट्रीच्या नव्या मुलाच्या मशीनवर. त्याने केलं एवढंच होतं, की समोर दिसलेला फोल्डर उघडून पाहिला. त्याला सगळ्यांसमोर बोलणी बसली. त्या संध्याकाळी मी गुपचूप परवानग्या बदलल्या आणि गप्प बसलो. महिन्याभरात त्याने नोकरी सोडली.

पुढे मी या परवानग्यांचा इतिहास वाचायला लागलो, तो बहुधा स्वतःची समजूत घालायलाच.

सुरुवातीच्या मोठ्या कॉम्प्युटरांवर एका वेळी एकाचंच काम चाले. आपली छिद्रं पाडलेली कार्डं आपल्या खोक्यात. मग १९६१ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीत फर्नांडो कॉर्बाटो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सीटीएसएस ही प्रणाली चालवून दाखवली. एकाच यंत्रावर अनेकजण एकाच वेळी काम करू लागले, फाइली एकाच डिस्कवर आल्या, आणि 'हे कोणाचं?' हा प्रश्न पहिल्यांदा उभा राहिला. वाड्यात बिऱ्हाडं वाढली की दारांना कुलपं येतात, तसे पासवर्ड आले.

१९६६ मध्ये तिथे एक प्रकार घडला. जो कोणी लॉगिन करेल त्याच्यापुढे त्या दिवसाच्या सूचनेऐवजी सगळ्यांच्या पासवर्डची यादीच छापून येऊ लागली! चोर कोणीच नव्हता. दोन व्यवस्थापक एकाच डिरेक्टरीत काम करत होते, एक सूचनेच्या फाइलवर, दुसरा पासवर्डच्या. एका डिरेक्टरीत एका वेळी एकच माणूस असणार, असं धरून एडिटर तात्पुरत्या फाइलला नेहमी एकच नाव द्यायचा. झाली अदलाबदल.

त्याच एमआयटीतून, बेल लॅब्ज आणि जनरल इलेक्ट्रिकच्या साथीने मल्टिक्स निघालं. तिथे प्रत्येक फाइलसोबत कोणाला काय करता येईल याची यादीच असायची. बेल लॅब्ज १९६९ मध्ये त्यातून बाहेर पडली, आणि तिथल्या केन थॉम्पसन व डेनिस रिची यांनी युनिक्समध्ये सोपा मार्ग काढला. आधी मालक आणि इतर एवढेच, पुढे मध्ये गट आला. तिघांना तीन प्रकारची मुभा: वाचणं, लिहिणं, चालवणं. यादीची कल्पना मात्र मेली नाही. १९९३ मध्ये विंडोज एनटी आलं, त्याच्या फाइलींना अशाच याद्या होत्या.

१९७५ मध्ये साल्टझर आणि श्रोडर या दोघांनी एका लेखात नियम मांडले. त्यातला एक असा, की मुळात बंदच ठेवावं आणि कारण असेल त्यालाच उघडून द्यावं. साधी गोष्ट, पण मुरायला वेळ लागला. विंडोज २००० पर्यंत नवा फोल्डर शेअर केला की शेअरच्या पातळीवर सगळ्यांना पूर्ण मुभा मिळायची. सर्व्हर २००३ पासून ती नुसती वाचण्यापुरती झाली.

पण यात माझी सुटका नाही. आमच्या ऑफिसात बंद असलेली दारं मी स्वतः उघडली होती. आणि मला जास्त लागलं ते दुसरंच. पासवर्डच्या त्या फजितीची गोष्ट खुद्द कॉर्बाटो यांनी सांगितली, १९९० च्या ट्युरिंग पारितोषिकाच्या व्याख्यानात, जगभरच्या जाणकारांसाठी. मला चौदा माणसांपुढे "चूक माझी" एवढे दोन शब्द बोलता आले नाहीत.

परवानगी म्हणजे अविश्वास, असं आपल्याला वाटतं. मला आता उलटं वाटतं. त्या मुलाला तो फोल्डर दिसलाच नसता, तर त्याच्यावर संशय घ्यायची वेळच आली नसती. नीट लावलेलं कुलूप प्रामाणिक माणसालाही जपतं.

असो. रात्री मित्राला परत फोन केला आणि ही सगळी हकीकत सांगितली. म्हटलं, माणसागणिक परवानग्या देत बसू नकोस, गट कर, आणि अकाउंट्सचा फोल्डर त्या गटापुरताच ठेव. कोणी हाक मारली तर उठून जा, पण शनिवारी कंटाळून काही करू नकोस.

तो मुलगा आज कुठे आहे, मला माहीत नाही. भेटला तर ते दोन शब्द अजून द्यायचे आहेत.