नाशिकचा हिरा आणि अंगठीची हौस

विजापूर रस्त्याच्या बाजूस वसलेल्या जुळे सोलापुरात लग्नसराईच्या दिवसांत एखाद्या मंगल कार्यालयात डोकावले, तर साखरपुड्याचा समारंभ आता कसा होतो ते सहज दिसून येते. साखरेचा पुडा, खण, नारळ आणि ओटी हे सारे यथासांग होते. परंतु मंडळींचे डोळे लागलेले असतात ते अंगठीकडे. वराने वधूच्या बोटात अंगठी घातली म्हणजे टाळ्यांचा गजर होतो आणि मग बायकांच्या घोळक्यात हलक्या आवाजात एकच प्रश्न फिरतो, ‘खडा हिऱ्याचा आहे ना?’ हा प्रश्न कोठून आला, याचा विचार करणे बोधप्रद आहे. कारण ज्या विधीला आपण साखरपुडा म्हणतो, त्याच्या नावात अंगठी नाही, केवळ साखर आहे.

लग्नातील देण्याघेण्यावरून माणसाचे मोल ठरविण्याची खोड सोलापूरच्या मातीला नवी नव्हे. १५२४ च्या सुमारास विजापूरच्या आदिलशाही घराण्यातील राजकन्या अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहास दिली गेली. वधूबरोबर सोलापूरचा किल्ला आंदण देण्याचे ठरले होते, असे फिरिश्ता हा इतिहासकार सांगतो. किल्ला हाती आला नाही आणि व्याही व्याह्यांवर फौजा घेऊन चालून गेले. पुढे तालिकोटच्या १५६५ च्या संग्रामापूर्वी चांदबिबी विजापूरच्या अली आदिलशहास दिली, तेव्हा तिच्याबरोबर हाच किल्ला आंदण म्हणून विजापूरकडे गेला. सिद्धेश्वराच्या तळ्याकाठी आजही उभ्या असलेल्या त्या तटबंदीने आंदणापायी किती रक्त पाहिले असेल! त्या मानाने अंगठी ही फारच लहान वस्तू. पण रुसवाफुगवा वस्तूच्या आकारावर अवलंबून नसतो.

अंगठी आपल्याकडे फार प्राचीन आहे. मात्र तिचा अर्थ निराळा होता. रामाची मुद्रिका घेऊन हनुमान लंकेत गेला, ती सीतेला खूण पटावी म्हणून. शकुंतलेची अंगठी हरवली, तेव्हा हरवली ती ओळख. मुद्रा म्हणजे शिक्का, आणि शिक्का म्हणजे शब्दाची साक्ष. या दोन्ही कथांत अंगठीतील खडा केवढा होता हे विचारण्याचे कोणास सुचत नाही. हिरा होता तो रत्नशास्त्रात आणि ज्योतिषात. नवग्रहांच्या अंगठीत तो शुक्राचा प्रतिनिधी मानला जाई, आणि दोषयुक्त हिरा अंगाला लावू नये असा कटाक्ष असे. मराठी नववधूचे सौभाग्य मंगळसूत्र, जोडवी आणि हिरवा चुडा यांत सामावलेले होते. हिऱ्यावाचून कोणाचे लग्न अडल्याचे कोणी ऐकले नाही.

आणि तरीही हिऱ्यांचे माहेर दख्खनच. अठराव्या शतकात ब्राझीलमध्ये खाणी सापडेपर्यंत जगातील बहुतेक सारे नामांकित हिरे हिंदुस्थानातून गेले. सतराव्या शतकात आलेला फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हेर्निये याने गोवळकोंड्याच्या मुलखातील कोल्लूरची खाण पाहिली. तेथे साठ हजार माणसे राबतात असे त्याने लिहून ठेवले आहे. त्याने वर्णिलेली दुसरी एक खाण विजापूरच्याच राज्यात होती. आपल्या कारागिरांची एक रीत होती. हिऱ्याला पैलू पाडताना ते त्याचे वजन होईल तितके राखीत. चमक थोडी कमी पडली तरी चालेल, परंतु निसर्गाने दिलेले पदार्थ वाया घालवू नये, अशी त्यांची दृष्टी होती.

या दृष्टीचा आणि पुढे आलेल्या नव्या हौसेचा झगडा पाहावयाचा असेल, तर नाशिकच्या हिऱ्याची कथा पाहावी. हा हिरा त्र्यंबकेश्वराच्या चरणी होता, अशी परंपरा आहे. ज्या त्र्यंबकेश्वराचे आजचे मंदिर नानासाहेब पेशव्यांनी बांधविले, त्याच देवाचा हिरा अखेरीस पेशव्यांच्या जवाहिरखान्यात आला. १८१८ साली पेशवाईचा सूर्य मावळला. त्या मावळतीचा मोठा भाग याच सोलापूर जिल्ह्यात घडला. फेब्रुवारी महिन्यात मोहोळ तालुक्यातील आष्टी येथे बापू गोखले धारातीर्थी पडले आणि बाजीराव पुढे निसटले. मे महिन्यात मन्रोने सोलापूरचा किल्ला घेतला. जूनच्या प्रारंभी बाजीराव माल्कमच्या स्वाधीन झाले. नाशिकचा हिरा कर्नल ब्रिग्जच्या हाती पडला. त्याच्याकडून तो गव्हर्नर जनरल हेस्टिंग्जकडे आणि तेथून युद्धातील लूट म्हणून कंपनीच्या खजिन्यात गेला.

त्या वेळी त्याचे वजन पाव कमी नव्वद कॅरट होते. लंडनच्या रंडेल अँड ब्रिज या पेढीने तो तीन हजार पौंडांस घेतला. विलायती नजरेला त्याचा देशी घाट ओबडधोबड वाटला, म्हणून त्यास नवे पैलू पाडण्यात आले. वजन सुमारे साडेअठ्ठ्याहत्तर कॅरटांवर आले. १८३७ मध्ये तो वेस्टमिन्स्टरच्या मार्क्विसाने घेतला आणि आपल्या दरबारी तलवारीच्या मुठीत बसविला. सुमारे शंभर वर्षांनी त्या घराण्याकडून तो सुटला आणि १९४० मध्ये हॅरी विन्स्टन या अमेरिकन जवाहिऱ्याच्या हाती आला. त्याने त्यास पुन्हा सहाणेवर चढविले. काळाच्या आवडीप्रमाणे चौकोनी, निर्दोष, झळझळीत असा हिरा तयार झाला. त्याचे वजन उरले ४३.३८ कॅरट. १९४४ मध्ये एका अमेरिकन धनिकाच्या पत्नीस तो भेट मिळाला आणि तिने तो अंगठीत घालून मिरविला. १९७० साली न्यूयॉर्कच्या लिलावात त्यास पाच लाख डॉलर किंमत आली.

देवाच्या पायापासून तलवारीच्या मुठीपर्यंत आणि तेथून बोटापर्यंत झालेला हा प्रवास आहे. या प्रवासात हिऱ्याचा निम्म्याहून अधिक भाग भुकटी होऊन गेला. पहिल्या वेळी अकरा कॅरट, दुसऱ्या वेळी पस्तीस कॅरट. लुटीने हिरा आपला नाहीसा झाला हे खरे. परंतु त्याचा जो भाग भुकटी झाला, तो लुटीमुळे नव्हे, बदलत्या आवडीमुळे झाला, हेही तितकेच खरे.

ही आवड घडविली कोणी? युरोपात ती प्रथम राजघराण्यांनी घडविली. १४७७ मध्ये ऑस्ट्रियाच्या मॅक्सिमिलियनने बर्गंडीच्या मेरीला वाग्दानाच्या वेळी हिऱ्याची अंगठी दिली, असे सांगून या चालीचा आरंभ दाखविण्यात येतो. तथापि राजघराण्यांतही हिराच हवा असा नेम नव्हता. व्हिक्टोरिया राणीला मिळालेली वाग्दानाची अंगठी सर्पाच्या आकाराची असून तीत पाचू होता. लगोलग सर्पाकृती अंगठ्यांची टूम निघाली. १९८१ मध्ये डायानाच्या बोटात नीलमणी दिसला आणि २०१० मध्ये तीच अंगठी तिच्या सुनेच्या बोटात आली, तेव्हा तशा निळ्या खड्याच्या अंगठ्यांच्या नकला देशोदेशी खपल्या. म्हणजे लोकांनी खड्याचे अनुकरण केले नाही. खडा घालणाऱ्या बोटाचे केले.

हे मर्म व्यापाऱ्यांनी अचूक ओळखले. १८६७ च्या सुमारास दक्षिण आफ्रिकेत हिरे सापडू लागले आणि थोड्याच वर्षांत ते इतके निघू लागले की, भाव कोसळण्याचे भय वाटू लागले. १८८८ मध्ये सेसिल ऱ्होड्सने डी बिअर्स कंपनी उभी करून पुरवठा मुठीत धरला. पुरवठा आवरता येतो, पण मागणी निर्माण करावी लागते. १९३८ मध्ये या कंपनीने अमेरिकेतील आयर या जाहिरात संस्थेस हाताशी धरले. चित्रपटांतील नटींच्या अंगावर हिरे दिसावेत, वृत्तपत्रांत त्यांच्या अंगठ्यांची वर्णने यावीत, शाळकरी मुलींपुढे व्याख्याने व्हावीत, अशी व्यवस्था झाली. १९४७ मध्ये हिरा चिरंतन आहे या अर्थाचे सुप्रसिद्ध घोषवाक्य जन्मास आले. चिरंतन वस्तू कोणी विकत नाही. साहजिकच जुने हिरे पुन्हा बाजारात येण्याचे भयही सरले. १९६९ मध्ये रिचर्ड बर्टनने एलिझाबेथ टेलरसाठी ६९.४२ कॅरटचा हिरा घेतला. अंगठीत तो फारच जड होई, म्हणून पुढे तो कंठ्यात बसवावा लागला. परंतु सामान्य घरातील मुलींच्या मनात मात्र तो अंगठी होऊनच राहिला.

महाराष्ट्राने यासाठी परक्यांना हसण्याचे कारण नाही. आपल्याकडे ही किमया एका पुरुषाने केली. नारायण श्रीपाद राजहंस, म्हणजेच बालगंधर्व, ‘मानापमान’, ‘स्वयंवर’ या नाटकांतून नायिका म्हणून रंगभूमीवर आले की, प्रेक्षागृहातील स्त्रिया त्यांचे गाणे ऐकत आणि त्यांची नथ, त्यांचा शालू, त्यांच्या खोप्यातील फुलांची ठेवण डोळ्यांत साठवीत. दुसऱ्या दिवशी घरोघरी त्यांचे अनुकरण होई. पुरुषाने स्त्रीला नटावे कसे हे शिकविले आणि तिने ते आनंदाने उचलले, असे उदाहरण जगात विरळा! मात्र त्या वैभवामागचा हिशेब प्रेक्षकांच्या दृष्टीस पडत नव्हता. उंची वस्त्रे, अत्तरे, सजावट यांच्या पायी गंधर्व नाटक मंडळी कर्जाच्या डोंगराखाली दबली होती. रंगमंचावरचे तेज घरी नेणाऱ्यांच्या लक्षात त्या तेजाची किंमत कधीच येत नाही.

तीच कथा पुढेही चालू राहिली. ‘होणार सून मी ह्या घरची’ ही दूरचित्रवाणी मालिका २०१३ मध्ये सुरू झाली आणि तिच्यातील जान्हवीचे मंगळसूत्र सराफांकडे नावाने मागितले जाऊ लागले. २०१५ मध्ये बाजीराव-मस्तानीचा चित्रपट आला आणि पेशवाई नथ तरुण मुलींच्या नाकात पुन्हा दिसू लागली. जुन्या घाटाचा दागिना या निमित्ताने जगला, कारागिराला काम मिळाले, हा लाभ नाकारून चालणार नाही. अनुकरण सर्वस्वी वाईट नसते. ते कशाचे आणि कोणाच्या खर्चाने, एवढेच पाहावे लागते.

आता तर हिऱ्याच्या चिरंतनपणाचीच परीक्षा सुरू झाली आहे. १९५४ मध्ये अमेरिकेत प्रयोगशाळेत हिरा तयार झाला. आज अंगठीत बसविण्याजोगे हिरे यंत्रात वाढविले जातात. तेही कोळशाच्याच जातीचे मूलद्रव्य, तेच काठिण्य, तीच झळाळी, आणि किंमत मात्र पुष्कळच कमी. खाणीतला कोणता आणि यंत्रातला कोणता हे नुसत्या डोळ्यांनी सांगणे रत्नपारख्यालाही अवघड झाले आहे. सोन्याची मोड देताना घडणावळ वजा जाते हे प्रत्येक गृहिणीला ठाऊक असते. हिरा परत विकावयास गेले असता पदरी किती पडते, हे मात्र खरेदीच्या वेळी क्वचितच कोणी विचारते.

मुलीच्या बापाने किंवा मुलाच्या आईने या इतिहासातून काय घ्यावे? हिरा घेऊ नये असे नव्हे. ऐपत आहे, हौस आहे, तर अवश्य घ्यावा. त्याचे सौंदर्य खरे आहे. परंतु ऐपत नसता, केवळ समोरच्या मंडळींत कुजबुज होऊ नये म्हणून, पतपेढीचे कर्ज काढून घेतलेला खडा संसाराला पहिल्याच दिवशी पैलू पाडू लागतो, आणि पैलू पाडले की वजन घटते. सोलापूरच्या किल्ल्याचे आंदण घेऊनही दोन घराण्यांचे सख्य टिकले नाही. उलट, साखरेच्या एका पुड्यावर दिलेला शब्द पिढ्यान् पिढ्या पाळलेली घरे याच शहरात पुष्कळ आहेत. अंगठी मुळात शब्दाची मुद्रा होती. ती पुन्हा तशी मानली, तर तिच्यात खडा कोणता आहे या प्रश्नाला फारसे महत्त्व उरणार नाही.