सशाला अडवायचं कसं? राखणीची जुनी गोष्ट

हेडफोन लावलेत? आज विषय आहे ससा. ‘अंधेरीत कुठला ससा?’ असं म्हणू नका. अंधेरी पूर्वेला मरोळ ओलांडून आरेत शिरलं, की पावसाळ्यात पाड्यांवर काकडी, भेंडी, पडवळाचे वेल दिसतात. मागे लागूनच बोरिवलीचं राष्ट्रीय उद्यान. भाजी आणि रान इतकं शेजारी असलं, की राखणीचा प्रश्न येतोच.

आधी एक गोष्ट. परदेशी व्हिडिओंमध्ये बाग फस्त करतो तो रॅबिट. तो बीळ खणतो. आपल्या रानात तो मुळात नाहीच. आपला ससा म्हणजे हेअर. मानेवर काळा डाग, बीळ वगैरे नाही. दिवसभर गवतातल्या खळग्यात दबून बसतो आणि रात्री चरतो. खालून खणत येत नाही, कुंपणाच्या बुडाशी राहिलेल्या फटीतून येतो.

पूर्वी फवारणी नव्हती. देशावर बाभळीच्या, बोरीच्या काटेरी फांद्या. कोकणात वई, नाहीतर दगडी गडगा. कुठे कडेला निवडुंग, कुठे शेर. शेराचा चीक डोळ्यात गेला तर काही खरं नाही! पण कुंपणापेक्षा मोठी गोष्ट होती राखण. शेतात चार खांबांवर माळा, हातात गोफण, खाली शेकोटी, बडवायला डबा. बुजगावणं दिवसा पाखरांना फसवतं. रात्री येणाऱ्या जनावरांसाठी जागा माणूसच लागतो. कालिदासाच्या रघुवंशात, चौथ्या सर्गात, उसाच्या सावलीत बसून भात राखणाऱ्या बायका रघूचं यश गातात. सुंदर आहे. रात्रभर माळ्यावर जागून सकाळी पुन्हा शेतात राबायचं, ते मात्र त्या श्लोकात नाही.

आता या गोष्टीत सरकार येतं. १८७८ साली ब्रिटिशांनी दोन कायदे केले. शस्त्र कायद्यानं विनापरवाना बंदूक ठेवणं बंद झालं आणि वन कायद्यानं रानांवरची सरकारी पकड घट्ट झाली. म्हणजे बघा, रान सरकारचं, त्यातून बाहेर पडणारं जनावरही सरकारचं, आणि पीक तेवढं शेतकऱ्याचं.

हे अचूक पकडलं महात्मा फुल्यांनी. १८८३ च्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये ते रानडुकरांनाच सरकारी म्हणतात! (तेव्हा आपली अंधेरी ठाणे जिल्ह्यातल्या साष्टी तालुक्यात होती.) त्यांची मागणी अशी: शेतकऱ्याला साधी गावठी बंदूक ठेवू द्यायची हिंमत नसेल, तर शेतं राखायचं काम पोलिसांना द्या. तरीही डुकरांनी पीक खाल्लं, तर नुकसान पोलीस अंमलदारांच्या पगारातून कापा, नाहीतर खजिन्यातून भरून द्या. तसा कायदाच करा. पगारातून! वाचताना हसू येतं, पण हिशेब चोख आहे. राखणीची किंमत असते, आणि ती आजवर कोणीतरी आपल्या झोपेतून फेडत आलाय.

सरकारनं स्वतः कुंपण घातलं तर काय होतं, तेही जगानं पाहिलंय. १८५९ मध्ये ऑस्ट्रेलियात थॉमस ऑस्टिन नावाच्या जमीनदारानं शिकारीच्या हौसेपायी इंग्लंडहून आणलेले ससे सोडले. साधारण २४ होते. त्यांची संख्या एवढी वाढली की १९०१ ते १९०७ या काळात पश्चिम ऑस्ट्रेलियात तीन कुंपणं घालावी लागली, मिळून ३,२०० किलोमीटरहून लांब. कुंपण पुरं होईपर्यंत ससे पलीकडे पोचलेसुद्धा.

आपल्या वाफ्यासाठी एवढं नको. कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात ती जाळी पुरते: भोकं इंचभर, उंची तीनेक फूट. खालची कड अर्धा फूट बाहेर वळवून तिच्यावर दगड ठेवायचे, फट राहता कामा नये. फासा बिलकूल लावायचा नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं या सशाला संरक्षण आहे, त्याला मारणं किंवा पकडणं गुन्हा आहे.

आणि जोतिरावांच्या मागणीचं काय झालं? महाराष्ट्रात आज रानडुकरानं पीक खाल्लं तर सरकारी भरपाई मिळते. वनखात्याकडे अर्ज करायचा, पंचनामा व्हायची वाट बघायची. पोलिसांचा पगार मात्र कोणी कापत नाही.