मे १९६७ : एक महिना, दोन गाड्या

मंडळी, जुन्या मोटारी जमवणाऱ्यांमध्ये एक वाद हमखास रंगतो : टोयोटा २००० जीटी श्रेष्ठ की माझदा कॉस्मो स्पोर्ट? दोन्ही जपानी, दोन्ही दोन दारांच्या आणि दोन माणसांपुरत्या. गंमत म्हणजे दोन्ही बाजारात आल्या त्या एकाच महिन्यात, मे १९६७ मध्ये!

टोयोटाचं नाव तेव्हा साध्या, टिकाऊ गाड्यांसाठी होतं. जगातल्या नामांकित स्पोर्ट्स गाड्यांच्या पंगतीत आपणही बसू शकतो, हे तिला दाखवायचं होतं. यामाहाच्या मदतीने दोन लिटरचं, सहा सिलिंडरचं, १५० अश्वशक्तीचं इंजिन तयार झालं. ऑक्टोबर १९६६ मध्ये यातबेच्या चाचणी-मार्गावर ही गाडी ७८ तास पळवून तीन जागतिक विक्रम केले. पुढे जेम्स बाँडच्या चित्रपटातही ती झळकली. १९७० पर्यंत जेमतेम साडेतीनशे गाड्या बनल्या.

कॉस्मोची गोष्ट निराळी. माझदा म्हणजे तेव्हाची तोयो कोग्यो, हिरोशिमाची कंपनी. १९२० मध्ये बुचाच्या धंद्यातून सुरुवात, १९३१ पासून तीनचाकी मालगाड्या. १९६१ च्या सुमारास सरकारच्या मनात लहान मोटार कंपन्या मोठ्यांत विलीन करायचं होतं. स्वतःचं वेगळं काही नसेल, तर नावच पुसलं जाणार! म्हणून तिने जर्मनीच्या एनएसयूकडून रोटरी इंजिनाचा परवाना घेतला. त्यात वरखाली होणारे दट्टे नसतात. तीन कोपऱ्यांचा रोटर गोल फिरतो. पण त्या कोपऱ्यांवरच्या सीलमुळे आतल्या भिंतीवर ओरखडे पडत. त्यांना म्हणत 'सैतानाची नखं'! केनिची यामामोतो यांच्या हाताखालचे ४७ अभियंते वर्षानुवर्षं याच्याशीच झगडले. अखेर कार्बनमध्ये ॲल्युमिनियम मुरवून केलेली सील टिकली. १९६८ मध्ये जर्मनीतल्या नुर्बुर्गरिंगवर ८४ तासांच्या शर्यतीत कॉस्मो चौथी आली. १९७२ पर्यंत ११७६ गाड्या बनल्या.

आज संग्राहकांचा कौल स्पष्ट दिसतो. २०१३ मध्ये एका २००० जीटीने लिलावात दहा लाख डॉलर ओलांडले. कॉस्मोला तेवढी किंमत येत नाही. सुट्या भागांचंही तसंच. २०२० पासून टोयोटाने २००० जीटीच्या गिअरबॉक्सचे भाग पुन्हा बनवायला घेतले. कॉस्मो घेणाऱ्याने मात्र आधी सील तपासून घ्यावीत.

तरीही माझा कौल कॉस्मोला. २००० जीटी नसती तरी टोयोटा टोयोटाच राहिली असती. कॉस्मोवर मात्र अख्ख्या कंपनीचं स्वतंत्र अस्तित्व पणाला लागलं होतं, आणि तेही अणुबॉम्बने बेचिराख झालेल्या शहरात, अवघ्या बावीस वर्षांनंतर. १९९१ मध्ये ल मान्सची २४ तासांची शर्यत जिंकणारी पहिली जपानी कंपनी माझदाच ठरली, आणि ती जिंकली रोटरी इंजिनावर!

असो. तुमचा कौल कुणाला? जरूर कळवा.